फॉरमॅट मारण्याआधी थांबा: कॉम्प्युटर साफ करताना या चुका टाळा

कॉम्प्युटर रखडायला लागला की दुकानातून ठरलेलं उत्तर येतं, "फॉरमॅट मारावा लागेल." दोन तासांत मशीन कोरं होऊन घरी येतं. मग प्रिंटरचा ड्रायव्हर, टॅली, डिजिटल सहीचा डोंगल आणि विसरलेले पासवर्ड परत जुळवण्यात आठवडा जातो. बहुतेक वेळा एवढा खटाटोप करावाच लागत नाही. पण घरच्या घरी सफाई करतानाही ठरावीक जागी पाय घसरतो, माझाही घसरलाय. हे सगळं विंडोज १० आणि ११ बद्दल आहे.

"जागा नाही" आणि "हळू चालतो" यांची गल्लत

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. डिस्कवर लग्नाचे ३०० जीबी फोटो पडून असले, तरी बाकी जागा शिल्लक असेल तर त्यांनी कॉम्प्युटर हळू होत नाही. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, की मात्र अपडेट अडतात आणि सगळंच अडखळायला लागतं. एरवी हळूपणाचं कारण साठलेल्या फाइल्स नसतात, मागे गुपचूप चालू असलेले प्रोग्रॅम असतात.

परवा शेजारच्या काकांचा लॅपटॉप पाहिला. त्यांनी आधीच अर्धे फोटो पुसून टाकले होते, तरी मशीन तसंच. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर (काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी) उघडला आणि 'स्टार्टअप'मध्ये गेलो. १९ नोंदी! मीटिंगची दोन ॲप्स, एक टोरंट, आणि कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचा मदतनीससुद्धा रोज सकाळी इमानदारीत हजर. ११ नोंदींवर उजवं क्लिक करून 'डिसेबल' केलं. यानं प्रोग्रॅम जात नाही, फक्त आपणहून सुरू व्हायचा थांबतो. अँटिव्हायरस, साउंड, टचपॅड यांच्या नोंदींना मात्र हात लावू नका.

"मी रोज बंद करतो हो," काका म्हणाले. करत होतेच. पण 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूखाली 'अप टाइम', म्हणजे विंडोज सलग चालू असल्याचा काळ, २३ दिवस दिसत होता. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे, त्यामुळे शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवला जातो. खरी नवी सुरुवात 'रीस्टार्ट'नं होते. आधी ते करून पाहा, मग बाकीचं.

सगळ्या चौकटींवर टिक

ही माझी चूक. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटपासून डिस्क क्लीनअप या विंडोजच्याच सफाईच्या सोयीच्या यादीत 'डाउनलोड्स' फोल्डरही येऊ लागला. मी सवयीनं वरपासून खालपर्यंत टिक मारत गेलो आणि 'ओके' दाबलं. भाचीच्या प्रवेशाची स्कॅन केलेली सगळी कागदपत्रं गेली. डिस्क क्लीनअपनं पुसलेलं रीसायकल बिनमध्ये जात नाही, हे तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात पुन्हा उभा.

आपल्याकडे डाउनलोड्स म्हणजे कपाटातला कागदांचा खण असतो: सातबारा, वीजबिल, आधारची पीडीएफ आणि तिच्याच एक, दोन, तीन आकडे लागलेल्या प्रती. ती नोंद पुढे डिस्क क्लीनअपमधून निघाली, पण सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', 'स्टोरेज', 'टेम्पररी फाइल्स' असं गेलात की अजून भेटते. आधी कामाचे कागद दुसऱ्या फोल्डरात हलवा. थंबनेल्स, टेम्पररी फाइल्स, अपडेटचा कचरा हे बिनधास्त उडवा. 'प्रीव्हियस विंडोज', म्हणजे आधीच्या विंडोजची राखून ठेवलेली प्रत, मोठं अपडेट झाल्यावर साधारण १० दिवसांनी आपोआप जातं. नवं नीट चालतंय याची खात्री होईपर्यंत ते राहू द्या.

डेस्कटॉप वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडला) जोडलेला असेल तर आणखी जपून. इथून पुसलेली फाइल क्लाउडवरूनही जाते. फक्त लॅपटॉपवरची जागा हवी असेल तर उजवं क्लिक करून 'फ्री अप स्पेस' करा.

ओळखीचं नाही म्हणून पुसणं

विंडोजच्या फोल्डरात 'विनएसएक्सएस' नावाचं धूड दिसतं. त्याचा आकार दिसतो तेवढा खरा नसतो, कारण त्यातल्या बऱ्याच फाइल्स इतरत्रही त्याच दिसतात आणि दोनदा मोजल्या जातात. हातानं काही काढू नका. डिस्क क्लीनअपमधलं 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' त्यातलं जुनं काढतं. नको असलेला प्रोग्रॅमही फोल्डर पुसून घालवू नका, 'अनइन्स्टॉल' करा. जागा नेमकी कुणी खाल्ली ते विझट्री किंवा विनडरस्टॅट हे प्रोग्रॅम दाखवतात. अंदाजानं पुसत बसण्यापेक्षा दहा मिनिटं त्यात घाला.

आणि फॉन्ट! डीटीपीवाल्या मित्राकडे कुणीतरी "हे शेकडो फॉन्ट कशाला?" म्हणत श्रीलिपी आणि कृतिदेवचे फॉन्ट साफ केले. युनिकोडच्या (सगळ्या भाषांच्या अक्षरांना स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या या फॉन्टांमध्ये फाइलीत खरं तर इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, मराठी रूप फॉन्ट देतो. फॉन्ट गेला आणि जुन्या लग्नपत्रिकांत 'चि. सौ. कां.'च्या जागी नुसती गिचमिड उरली. वाचलेली जागा? एका सिनेमाएवढीसुद्धा नाही.

'एका क्लिकमध्ये वेगवान'

रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणाऱ्या प्रोग्रॅमांनी वेग वाढल्याचं मी तरी पाहिलेलं नाही, बिघाड झालेले पाहिलेत. मायक्रोसॉफ्टही त्यांची पाठराखण करत नाही. २०१७ मध्ये तर सीक्लीनर या सफाईच्या प्रोग्रॅमच्या ५.३३ या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी मालवेअर घुसवलं होतं आणि ती २० लाखांहून जास्त कॉम्प्युटरांवर पोहोचली होती. कोपऱ्यात उगवणारे "५ व्हायरस सापडले" हे निरोप बहुतेकदा ब्राउझरच्या नोटिफिकेशनचे असतात. परवानगी ब्राउझरच्या सेटिंगमधून काढा, की थांबतात.

एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असेल तर हातानं डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाइल्स एकत्र लावणं, करू नका, विंडोज तिची निगा ठरल्या वेळी स्वतः राखतं.

इतकं करूनही टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क' सतत १०० टक्के दिसत असेल आणि आत जुनी फिरती हार्डडिस्क असेल, तर तिथे सफाईनं फारसं काही होणार नाही. एसएसडी आणा आणि दुकानदाराला "क्लोन करून दे", म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून दे, म्हणा. विंडोज, टॅली, फॉन्ट, सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर येतं. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मात्र आज काहीच साफ करू नका, आधी फोटो आणि टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या.