डिजिटल स्क्रॅपबुकची लिंक कशी द्यावी, हे शिकवणारा व्हिडिओ
चित्रीकरणाआधी फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर ठेवावा, अन्यथा बँकेचा ओटीपीही व्हिडिओत झळकतो. अँड्रॉइड ११ पासून स्क्रीन रेकॉर्डर बहुधा फोनमध्येच असतो. गूगल स्लाइड्समधील स्क्रॅपबुकची परवानगी ‘रिस्ट्रिक्टेड’वरून ‘एनीवन विथ द लिंक’ अशी बदलताना शेजारी ‘व्ह्यूअर’ऐवजी ‘एडिटर’ राहिले, तर लिंक हाती पडलेला कोणीही आजीच्या पंचाहत्तरीच्या फोटोंची मांडणी विस्कटू शकतो. म्हणून येथे बोट सावकाश फिरवावे, क्षणभर थांबावे आणि दोन्ही शब्द मोठ्याने वाचून दाखवावेत. मग तीच लिंक इन्कॉग्निटो टॅबमध्ये, म्हणजे आपले खाते लॉग-इन नसलेल्या खासगी टॅबमध्ये, उघडून दाखवावी. घाईत नेमकी हीच पायरी गळते. निवेदन मागाहून, पंखा बंद करून ध्वनिमुद्रित केलेले बरे. नमुन्यासाठी लहान मुलांचे फोटो टाळावेत, कारण यूट्यूबवरील ‘अनलिस्टेड’ (शोधात न दिसणारा) व्हिडिओही लिंक मिळालेल्या कोणालाही पाहता येतो.