गच्चीवर डेक टाकायचाय? आधी फळीखालचं बघा

डेक म्हणजे गच्चीवर किंवा अंगणात फ्रेमवर बसवलेली फळ्यांची जमीन. त्यासाठी डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्या दुकानात बघताना सगळं लक्ष रंगात आणि लाकडासारख्या रेषांत अडकतं. म्हणून रंगाचं आधीच उरकून टाकू. नागपुरात गडद चॉकलेटी घेऊ नका. मे महिन्यात पारा 45 ओलांडतो, तेव्हा त्या फळीवर अनवाणी पाय टेकवत नाही. फिकट राखाडीचा तुकडा घरी आणा, दुपारभर उन्हात ठेवा आणि हात लावून ठरवा.

मग गच्चीची परीक्षा. नाहणी, म्हणजे पाणी जायचं तोंड, तात्पुरती बुजवून 48 तास पाणी तुंबवून ठेवा आणि खालच्या खोलीचं छत तपासा. ओल दिसली तर डेकचे पैसे आधी वॉटरप्रूफिंगला जाऊ द्या. डेक झाल्यावर गळती शोधायची म्हणजे सगळं उकलणं आलं. उतार मीटरला एक सेंटीमीटर तरी हवा. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, तो पाऊस ज्यांनी पाहिला त्यांना पाण्याच्या वाटेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. नाहणीवरची फळी उघडता येईल अशीच ठेवायला सांगा, पानं-कचरा काढायला हात गेला पाहिजे. अंगणात डेक असेल तर आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ती खणून काढा, मुरूम टाकून धुमसून घ्या, त्यावर पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर करा.

फळ्या ज्यावर बसतात त्या फ्रेमसाठी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) किंवा ॲल्युमिनियमचे चौकोनी पाईप घ्या. लाकडी पट्ट्या स्वस्त पडतात, पण वाळवीला आमंत्रण कशाला? जीआयच्या कापलेल्या टोकांना झिंकचा रंग लावल्याशिवाय पाईप खाली ठेवू देऊ नका. स्लॅबला भोकं पाडायची नाहीत. रबरी पॅडवर किंवा पेडेस्टलवर (छोट्या टेकूंवर) फ्रेम मोकळी बसते आणि खालून हवा-पाणी फिरतं. दोन पाईपांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर 300 ते 350 मिलिमीटर. मिस्त्री म्हणेल, दीड फूट चालतं हो. चालत नाही. फळीत लाकडाच्या भुशाबरोबर प्लास्टिक असतं, ते तापून मऊ पडलं की फळी मधोमध वाकते. दोन फळ्यांची टोकं भेटतात तिथे दोन पाईप शेजारी-शेजारी हवेत, म्हणजे प्रत्येक टोकाला स्वतःचा आधार मिळतो.

सगळ्यात जास्त काम बिघडतं ते फटीत. हिवाळ्याच्या पहाटे 10 अंशांना असलेली फळी मेच्या उन्हात 60 च्या पुढे तापते, आणि तीन मीटरची फळी तेवढ्यात पाच-सहा मिलिमीटर वाढते. जागा नसेल तर ती कमान करून वर उठते आणि तिला फ्रेमला धरून ठेवणाऱ्या क्लिपा उपटते. म्हणून थंडीत बसवत असाल तर टोकांमध्ये सहा मिलिमीटर आणि भिंतीपाशी दहा सोडा. उन्हाळ्यात फळी आधीच वाढलेली असते, तेव्हा टोकांची फट कमी लागते. कंपनीच्या कागदावर तापमानाप्रमाणे तक्ता असेल तर तोच प्रमाण. प्रत्येक फळी मधोमध एकाच ठिकाणी घट्ट, बाकी क्लिपांवर सरकती. क्लिपा आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढलेलं बरं, मिस्त्रीही दुपारी सावली शोधत नाही.

माल आला की फळ्या भिंतीला टेकवून उभ्या करू नका. सपाट जागी, दर दीड-दोन फुटांवर पट्ट्या देऊन सावलीत आडव्या रचा आणि दोन दिवस तशाच राहू द्या. पोकळ फळ्यांना टोकाच्या टोप्या मोजून घ्या.

कुलरचा कोपरा आत्ताच ठरवा. त्याचं स्टँड डेकवर नको, तेवढी जागा मोकळी सोडा. टपकणाऱ्या खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग फळीवर बसले की घासून जीव जातो. शेगडीचंही तसंच, एक निखारा पडला तरी फळी वितळते. घरात पापड-कुरडया होत असतील तर वाळवणाची जागा कुठे, हे आईला किंवा सासूबाईंना नकाशा काढण्याआधी विचारा. नंतर विचारलंत तर नकाशा बदलेल.

मागवताना मोजणीपेक्षा दहा टक्के जास्त फळ्या घ्या, एकाच बॅचच्या. पुढच्या बॅचचा रंग हमखास थोडा वेगळा निघतो.