स्प्लेंडरच्या हेडमधील व्हॉल्व्ह स्प्रिंग घरी कशा काढाव्यात

हिरो होंडा स्प्लेंडरच्या ९७.२ सीसी इंजिनात दोनच व्हॉल्व्ह असतात. प्रत्येकावर एकात एक बसणाऱ्या दोन स्प्रिंग असतात आणि त्या दाबून धरणारी वरची कॅप नखाएवढ्या दोन लॉकच्या आधारावर टिकून राहते. दाबलेली स्प्रिंग अचानक सुटली, तर ही लॉक थेट डोळ्याकडे उडू शकतात. म्हणून हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) टेबलावर घेण्याआधी संरक्षक चष्मा लावावा आणि काम संपेपर्यंत तो काढू नये.

हेड उतरवल्यानंतर स्पार्क प्लग, कॅमशाफ्ट आणि रॉकर आर्म काढून घ्यावेत. स्प्रिंगला हात लावण्यापूर्वी मात्र एक तपासणी अवश्य करावी, कारण व्हॉल्व्ह बाहेर आल्यावर ती करता येत नाही. हेड असे धरावे की इनटेकचे, म्हणजे हवा-इंधन आत येण्याचे तोंड वर येईल. त्यात थोडे रॉकेल किंवा डिझेल ओतून काही मिनिटे थांबावे आणि ज्वलनकक्षाच्या बाजूने व्हॉल्व्हच्या कडेला ओल येते का, ते पाहावे. एक्झॉस्टच्या बाजूनेही हेच करावे. ओल आली, तर सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडा) आणि व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, हे तेव्हाच कळते.

मोटारींसाठी मिळणाऱ्या स्प्रिंग कॉम्प्रेसरचा (स्प्रिंग दाबण्याच्या अवजाराचा) जबडा या हेडसाठी बहुधा फार मोठा ठरतो, त्यामुळे दुचाकीसाठीचा लहान कॉम्प्रेसर आणावा. तो मिळाला नाही, तर सुताराचा जी क्लॅम्प आणि कॅपच्या कडेवर बसेल असा जाड पाइपचा तुकडा पुरतो; पाइपला एका बाजूने खिडकी कापावी, म्हणजे आतली लॉक दिसतात आणि काढताही येतात. क्लॅम्पचे एक टोक व्हॉल्व्हच्या तोंडाच्या, म्हणजे चपट्या गोल टोकाच्या मध्यावर आणि दुसरे पाइपवर अगदी सरळ रेषेत असावे, तसेच व्हॉल्व्हच्या बाजूला पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा ठेवावा. पान्याचा सॉकेट कॅपवर ठेवून हातोडीच्या एका घावात लॉक उडवण्याची पद्धत अनेक गॅरेजमध्ये दिसते. मी ती कोणालाही सुचवणार नाही, कारण तिने व्हॉल्व्हची दांडी वाकण्याचा आणि लॉक हरवण्याचा धोका असतो.

क्लॅम्प हळूहळू आवळावा. बराच जोर लावूनही कॅप खाली जात नसेल, तर लॉक कॅपमध्ये घट्ट चिकटली आहेत असे समजावे आणि आणखी आवळू नये. हेडवर कापड टाकून क्लॅम्पच्या पाइपकडील टोकावर हलका ठोका द्यावा, म्हणजे पकड सुटते. लॉक मोकळी होताच आवळणे थांबवावे, कारण गरजेपेक्षा जास्त दाबल्याने स्प्रिंगचा ताण कमी होतो. दोन्ही लॉक लहान चुंबकाने उचलावीत, मग क्लॅम्प सावकाश सैल करून कॅप आणि दोन्ही स्प्रिंग काढाव्यात. इनटेक आणि एक्झॉस्ट यांचे भाग वेगवेगळ्या, नाव लिहिलेल्या डब्यांत ठेवावेत. व्हॉल्व्हची तोंडे लहान-मोठी असल्याने ते ओळखू येतात, पण स्प्रिंग आणि लॉक यांची अदलाबदल सहज होते. स्प्रिंगचे दाट वेढे हेडच्या बाजूला असतात, हेही लिहून ठेवावे.

यानंतर व्हॉल्व्ह लगेच ओढू नये. दांडीवरील लॉकच्या खाचेच्या कडेला बोट फिरवावे आणि बारीक कंगोरा लागला, तर तो बारीक कानसीने अलगद घासून पुसून घ्यावा. तसाच ओढल्यास तो कंगोरा गाइड (दांडी ज्यात सरकते ती नळी) आतून खरवडतो आणि मग गाइडच बदलावा लागतो. व्हॉल्व्ह बोटांनी सरकत नसेल, तर अडथळा कंगोऱ्याचा आहे की कार्बनचा, ते आधी शोधावे, ठोकू नये.

स्प्रिंगखालच्या पातळ वॉशर तेलाने हेडला चिकटून राहतात. त्या चुंबकाने काढून त्याच डब्यात टाकाव्यात, नाहीतर हेड लेथवाल्याकडे धुवायला गेल्यावर त्या हरवतात. ऑइल सील पुन्हा वापरू नये. शेवटी प्रत्येक स्प्रिंग गुण्याला (काटकोन तपासण्याच्या साधनाला) लावून उभी सरळ आहे का, ते पाहावे, तिची मोकळी लांबी व्हर्नियरने मोजावी आणि सर्व्हिस मॅन्युअलमधील मर्यादेपेक्षा ती कमी भरल्यास त्या व्हॉल्व्हच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही स्प्रिंग एकत्रच बदलाव्यात.