भूऔष्णिक विहीर बंद करण्याचे नियम : नव्या भूशास्त्रज्ञांसाठी काही अनुभव

कोल्हापुरात भूशास्त्र शिकणारे विद्यार्थी भूऔष्णिक, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासून मिळणाऱ्या, ऊर्जेच्या क्षेत्रात शिरण्यासाठी सुरुवात कोठून करावी असे विचारतात, तेव्हा विहीर कायमची बंद करण्याचे नियम आधी वाचा, असे मी सांगतो. खोदाईचे तंत्र रिगवर शिकता येते. पण बंद करण्याच्या नियमांतील जवळजवळ प्रत्येक अट खोदाईच्या वेळी केलेल्या किंवा न केलेल्या नोंदींवर उभी असते, हे उशिरा कळले तर उपयोग नसतो.

आपल्याकडे पडक्या बोअरचा प्रश्न मुख्यतः मुले आत पडण्याच्या दुर्घटनांमुळे चर्चेत आला. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार निकामी बोअर माती, वाळू, दगडगोटे किंवा खोदाईतला चुरा वापरून तळापासून जमिनीपर्यंत भरावी लागते. अपघात टाळण्यासाठी ते पुरेसे आहे. भूऔष्णिक विहिरीत मात्र एका थरातील पाणी, वाफ किंवा वायू दुसऱ्या थरात जाऊ नये हा मुख्य हेतू असतो, आणि मातीचा भराव दाबाखालचे पाणी अडवत नाही.

जर्मनीतील श्टाउफेन या गावाचे उदाहरण मी प्रत्येकाला अभ्यासायला लावतो. तेथे २००७ मध्ये नगरपालिकेची इमारत उबदार ठेवण्यासाठी सुमारे १४० मीटर खोलीपर्यंतची सात छिद्रे घेण्यात आली. छिद्रांभोवतीचे सीलबंदीकरण अपुरे राहिल्याने खालच्या थरातील दाबाचे पाणी वर चढून अ‍ॅनहायड्राइट या खनिजाच्या थरात शिरले. पाणी शोषून त्याचे जिप्सम होताना आकारमान वाढते. त्यामुळे जमीन वर उचलली गेली आणि अडीचशेहून अधिक घरांना तडे गेले. ही छिद्रे उथळ होती आणि त्यांत वाफही नव्हती, तरी एवढे नुकसान झाले.

खोल, उष्ण विहिरीत प्रथम थंड पाणी किंवा जड चिखल सोडून दाब आटोक्यात आणतात. मग ड्रिल पाइपमधून ठरलेल्या खोलीवर सिमेंट सोडून प्लग, म्हणजे बूच, घालतात, तो घट्ट झाल्यावर त्यावर पाइपचे वजन टेकवून जागा तपासतात आणि दाबाची चाचणी घेतात. सिमेंटची निवड येथे निर्णायक ठरते. साधे पोर्टलँड सिमेंट सुमारे ११० अंश सेल्सिअसच्या वर हळूहळू ताकद गमावते आणि सच्छिद्र होते, म्हणून सिमेंटच्या वजनाच्या ३५ ते ४० टक्के सिलिका पूड मिसळतात. केसिंगमागे, म्हणजे विहिरीत बसवलेल्या पोलादी नळीच्या बाहेर, सिमेंट कोठवर पोचले आहे हे ठाऊक नसेल, तर आतला प्लग कितीही उत्तम असला तरी पाणी बाहेरच्या पोकळीतून वर येऊ शकते. शेवटी केसिंग जमिनीखाली कापून त्यावर पोलादी पत्रा वेल्डिंग करतात. हे काम आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कोणताही कारागीर नीट करून देईल, पण तपासणाऱ्याने नेमक्या या दिसणाऱ्या भागावर समाधान मानू नये.

वाचनासाठी न्यूझीलंडची खोल भूऔष्णिक विहिरींची मानक संहिता, एनझेडएस २४०३, घ्यावी. अमेरिकेत संघीय जमिनीवरील भूऔष्णिक विहीर भूमी व्यवस्थापन विभागाच्या पूर्वमंजुरीशिवाय बंद करता येत नाही. त्या विभागाचे नियमही वाचावेत, कारण मंजुरीसाठी काय सादर करायचे हे त्यांतून कळते. भारतात राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण २०२५ मध्ये आले. निकामी तेलविहिरींचा भूऔष्णिक वापर करण्याचा विचारही त्यात असल्याने जुन्या विहिरींची अवस्था तपासणारी माणसे लागतील, असा माझा अंदाज आहे.

सरावासाठी लडाखमधील पुगा या उष्ण झऱ्यांच्या खोऱ्यापर्यंत जाण्याची गरज नाही. घाट उतरला की राजापूरजवळचे उन्हाळे आणि संगमेश्वराकडील तुरळ व राजवाडी येथे उष्ण झरे आहेत. त्यांच्या परिसरातील एखाद्या बोअरची खोली, केसिंगची लांबी, पाण्याचे तापमान आणि खडकाचे थर कागदावर मांडून ती बंद करण्याचा आराखडा स्वतः तयार करावा. झऱ्यांच्या तापमानाला सिलिका पुडीची गरज सहसा पडणार नाही, तरीही ती का वगळली याचे कारण आराखड्यात लिहावे. मुलाखत घेताना मी असा आराखडा गुणपत्रिकेच्या आधी वाचतो, आणि केसिंगमागच्या सिमेंटबद्दल उमेदवाराने काय गृहीत धरले आहे, हा माझा पहिला प्रश्न असतो.