छातीचे मधले हाड : हाताला लागते म्हणून होणाऱ्या या चुका टाळा

छातीच्या मधोमध असणारी उरोस्थी त्वचेच्या अगदी लगत असते, त्यामुळे ती प्रत्येकाच्या बोटांना सहज लागते आणि तिच्याविषयी घरच्या घरीच निष्कर्ष काढले जातात. कोणी गाठ आली म्हणून धास्तावतो, कोणी दुखण्याला उसण ठरवून शेकत बसतो, तर कोणी ऐन संकटात छातीवर भलत्याच जागी दाब देतो. बोटाखाली नेमका कोणता भाग आहे हे ठाऊक नसल्यामुळेच यांतील बऱ्याच चुका होतात.

हे हाड म्हणजे एकसंध पट्टी नव्हे. प्रौढ माणसात साधारण १५ ते १७ सेंटिमीटर लांबीच्या या हाडाचा वरचा भाग रुंद असतो व त्याला दोन्हीकडची गळ्याची हाडे येऊन मिळतात. मधला भाग लांबट असतो आणि खाली एक लहान निमुळते टोक असते. हे टोक तरुणपणी कूर्चेचे, म्हणजे हाडापेक्षा मऊ व लवचिक भागाचे असते आणि चाळिशीच्या सुमारास त्याचे हाड होऊ लागते. वजन उतरल्यावर ते एकाएकी जाणवते आणि माणूस घाबरून दिवसातून दहा वेळा ते चाचपतो. त्या चाचपण्यानेच ते दुखू लागते. दोन्हीकडच्या बरगड्या जेथे मिळतात तेथे मध्यभागी लागणारे कठीण टोक बहुधा हेच असते. मात्र ते वाढत असेल किंवा आजूबाजूला सूज असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

बरगड्या मोजतानाची चूक शिकाऊ विद्यार्थ्यांकडूनही होते. पहिली बरगडी गळ्याच्या हाडामागे दडलेली असल्यामुळे तिच्यापासून मोजणी केली की हिशेब चुकतो. गळ्याखालच्या खळगीतून बोट सरळ खाली सरकवावे. सुमारे पाच सेंटिमीटरवर आडवा उंचवटा लागतो, तेथे दुसरी बरगडी जोडलेली असते. मोजणी तेथून सुरू करावी.  वैद्यकाच्या पहिल्या वर्षी शिकवली जाणारी ही खूण पुढे ईसीजी काढताना कामी येते, कारण छातीवरचे पहिले दोन इलेक्ट्रोड बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत, उरोस्थीच्या दोन कडांना लावायचे असतात आणि ते वर सरकले तर आलेखाचा चुकीचा अर्थ लागू शकतो.

सर्वांत घातक चूक दुखण्याच्या बाबतीत होते. बरगड्यांची कूर्चा उरोस्थीला जेथे मिळते तेथे दाह झाला, तर बोटाने दाबल्यावर नेमके त्याच जागी दुखते, खोल श्वास घेताना कळ येते, आणि हे दुखणे बहुधा विश्रांतीने व साध्या वेदनाशामकाने काही आठवड्यांत ओसरते. यावरून लोकांनी नियम बनवला आहे की दाबल्यावर दुखले म्हणजे हृदयाचे काही नाही. हा नियम चुकीचा आहे. दाबल्यावर दुखणाऱ्या माणसालाही हृदयविकाराचा झटका आलेला असू शकतो. मधुमेही रुग्णांत आणि स्त्रियांमध्ये तर लक्षणे अनेकदा वेगळीच असतात. छातीवर दडपण, दरदरून घाम, धाप, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ यांपैकी काहीही असेल, तर सकाळच्या तिखट मिसळीला दोष देऊन अॅसिडिटीची गोळी घेत बसू नये. १०८ ला फोन करून लगेच ईसीजी काढून घ्यावा.

माणूस कोसळला, हाकेला प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, अशा वेळी हृदय डावीकडे असते या समजुतीने डाव्या छातीवर दाब दिला जातो. दाब उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर, बरोबर मध्यभागी द्यायचा असतो, कारण हृदय तेथे या हाडाच्या आणि पाठीच्या कण्याच्या मध्ये दाबले जाते. तळहाताची टाच खालच्या निमुळत्या टोकावर येऊ देऊ नये. त्याच्याखाली यकृत असते. प्रौढ व्यक्तीत खोली ५ ते ६ सेंटिमीटर आणि गती मिनिटाला १०० ते १२० असावी. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी, कारण त्याच क्षणी हृदयात रक्त भरते. घाईत हेच राहून जाते. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नये.

बायपाससाठी उरोस्थी मधोमध उभी कापून पुन्हा तारांनी बांधतात. वरची जखम लवकर भरते, हाड सांधायला मात्र साधारण दोन ते तीन महिने लागतात. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांच्या हंगामात घरी स्वस्थ बसवत नाही हे खरे आहे, परंतु या काळात कॅरेट उचलणे, दुचाकी चालवणे, पलंगाची कड एका हाताने ओढून उठणे टाळावे आणि खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी. हाडात टकटक जाणवली, जखमेतून पाणी आले किंवा ताप आला, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता सर्जनकडे जावे.

मुंबई-आग्रा महामार्गावरील अपघातात स्टिअरिंग किंवा सीटबेल्टचा मार छातीवर बसला असेल, तर समोरून काढलेला एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये. त्या चित्रात उरोस्थीवर कण्याची सावली पडते आणि तडा दिसतच नाही. बाजूने काढलेला एक्स-रे किंवा सीटी स्कॅन लागतो, आणि हाडामागील हृदयाला मार बसला आहे का हे पाहण्यासाठी ईसीजीही काढायला सांगावा.