किल्ल्यावरचा मावळा चालवायचाय? मग आधी ही तयारी करून ठेवा

दिवाळीला बेळगावात गल्लोगल्ली किल्ले होतात, यंदा आमच्या पोरांना त्यातला मावळा बुरजावर चढताना दाखवायचाय, म्हणजे त्याला थोडं थोडं हलवत एकेक फोटो काढायचा आणि ते जोडून व्हिडिओ करायचा (स्टॉप मोशन म्हणतात ते), म्हणून ही यादी. निपाणी, खानापूरकडं कुणी करणार असाल तर तुम्हालाही उपयोगी पडेल.

किल्ला अंगणात असू दे, शूटिंग तिथं नको. ऊन सरकतं तशी सावली पळते आणि फोटो जोडल्यावर तीच जास्त हलताना दिसते. प्लायवूडवर एक बुरूज वेगळा करा, आतली खोली, खिडकी बंद, दोन एलईडी दिवे. मोबाईल स्टँडवर नाहीतर विटांच्या मध्ये घट्ट बसवा, चार्जर आधीच जोडा, फोटो इयरफोनच्या बटणानं काढा, म्हणजे मोबाईलला हात लागत नाही. कॅमेऱ्यातलं फोकस, एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा ते), व्हाईट बॅलन्स (रंगाची छटा) तिन्ही लॉक करा, ऑटोवर ठेवलं की चित्र लुकलुकतं. पांढरा शर्ट घालू नका, त्याचा उजेड पडतो.

बाजारातल्या मावळ्याचे हातपाय वाकत नाहीत, त्यामुळं घरीच ॲल्युमिनियमची तार दुपदरी पिळून सांगाडा करा, वर प्लॅस्टिसिन (न वाळणारी मऊ माती). शाडू नको, वाळून तडकते.

आता खरं काम. सेकंदाला १२ फोटो धरा, म्हणजे १० सेकंदांना १२०. मावळा दरवेळी सारखाच सरकवला तर चाकावर ठेवल्यासारखा वाटतो, जीव येत नाही. निघताना अगदी थोडा, मध्ये जास्त, थांबताना परत थोडा, आणि पाय उचलायच्या आधी दोन फोटो किंचित मागं झुकवा, कारण माणूस जोर लावायच्या आधी तसंच करतो. आधी स्वतः जिना चढून बघा, किती सेकंद लागले ते वहीत लिहा. मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो, मातीच्या गोळ्यात दम लागलेला दिसतो बघा!

दुसरा मोबाईल असेल तर किल्ल्यावर पेरतो ते अळीव एका ताटलीत पेरा आणि दर अर्ध्या तासाला एक फोटो, चार दिवसांत १९२ फोटो, म्हणजे १६ सेकंद. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमाराला वाटाण्याचं रोप असंच थोडं थोडं टिपून वाढताना दाखवलं होतं. फक्त रात्रीच्या फोटोंना पाळ्या लावा, आणि दिवा इन्व्हर्टरवर घ्या, लाईट गेली तर तेवढे फोटो काळे येतात.