नशा करणाऱ्यांच्या ओळखीतून आरोग्यशिक्षण पोहोचवताना या चुका टाळा

इंजेक्शनने नशा करणाऱ्यांमधल्याच दोघा-चौघांना पगारी कार्यकर्ते नेमले की माहिती आपोआप सगळीकडे पोहोचेल, हा समज सर्वांत महागात पडतो, कारण असा कार्यकर्ता आपल्या ओळखीच्या अड्ड्यांपलीकडे सहसा जात नाही. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रॉडहेड आणि डग्लस हेकथॉर्न यांनी १९९०च्या दशकात वेगळी पद्धत वापरली: केंद्रावर येणाऱ्या प्रत्येकाला एचआयव्हीपासून बचावाची माहिती शिकवायची आणि ओळखीच्यांना द्यायला तीन कूपने त्याच्या हाती ठेवायची; कूपन घेऊन कोणी केंद्रावर आले की ते देणाऱ्याला मोबदला मिळे. ही साखळी पगारी कार्यकर्त्यांच्या तुलनेत कमी खर्चात अधिक लोकांपर्यंत गेली.

तिचे अनुकरण करणारे मात्र नेमका गाभा गाळतात आणि नुसते माणूस आणण्याचे पैसे देतात. मग कूपन या खिशातून त्या खिशात जाते आणि माहिती जागीच राहते. कनेक्टिकटमध्ये नव्याने आलेल्याला थोडे प्रश्न विचारले जात आणि त्याला किती कळले आहे, यावर पाठवणाऱ्याच्या मोबदल्याचा एक भाग ठरे. माझ्या मते सगळे यश या एका अटीत आहे. तिच्यामुळेच मित्राला नीट समजावून सांगणे हे प्रत्येकाचे स्वतःचे काम होते.

संदेश अर्धवट ठेवणे ही दुसरी चूक. ‘दुसऱ्याची सुई वापरू नका’ हे बहुतेकांना पाठ असते. परंतु चौघांनी आपापली नवी सुई आणली, पहिले इंजेक्शन घेतल्यावर तीच सुई पुन्हा नशेचा पदार्थ विरघळवायच्या सामाईक चमच्यात बुडवली किंवा एकाच पेल्यातल्या पाण्यात धुतली, तर रक्ताचा अंश सर्वांपर्यंत जातो आणि हिपॅटायटिस सी हा यकृताचा आजार पसरू शकतो. म्हणून चमचा, द्रव गाळायचा कापूस आणि पाणीही प्रत्येकाचे वेगळे हवे, हे वस्तू हातात घेऊन दाखवावे.

‘आधी नशा सोड, मग इतरांना शिकव’ ही अट तर घालूच नये. इंजेक्शन घेतले जाते त्या खोलीत हजर असणारा माणूसच त्यामुळे गळतो.

साखळी एकाच टोळक्यात फिरू लागली, तर कूपनांची संख्या वाढवू नका, कारण मोजके लोक त्यांचा धंदा मांडतात. त्याऐवजी स्त्रिया, नवखे किंवा वेगळ्या वस्तीतले यांच्यापैकी कोणापासून तरी नवी साखळी सुरू करा. लोक कूपन घेतात पण येत नाहीत, असे दिसले तर आधी पोलिसांची भीती तपासा: कूपनावर नाव नको, केवळ क्रमांक असावा.